कोळीवाड्यातल्या मुलीने म्हावरं सोडलं तेव्हा

त्वचारोगाच्या माझ्या ठाण्यातल्या दवाखान्यात पिंपल्ससाठी येणाऱ्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, काय खायचं बंद करू?" त्या संध्याकाळी मात्र कुणी काही विचारायच्या आत बाहेरच्या बाकावरून एक मुलगी घसरून खाली पडली. बारावीतली, चेंदणी कोळीवाड्यात राहणारी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

तिला आडवं करून पाय उंच केले. ग्लुकोमीटरवर साखर 64. लिंबू-साखरेचं पाणी पोटात गेल्यावर थोड्या वेळाने ती उठून बसली. खालची पापणी ओढून पाहिली, तर आतून पांढरीफटक. गालांवर आणि कपाळावर पुळ्या होत्याच, पण मला घोर लागला तो त्या पापणीचा.

सोबत आजी होती, बाजारात मासळी विकणारी. "डॉक्टरबाई, पोरगी जेवत नाय. घरात म्हावरं शिजलं की तोंड फिरवते," असं म्हणताना तिचे डोळे भरून आले.

मुलीने मोबाइलवरची यादी दाखवली. मासे, अंडी, शेंगदाणे, तीळ, खोबरं, तूप, आंबा, चॉकलेट सगळं बंद. काही व्हिडिओंतलं, काही शेजारणींनी 'उष्ण पडतं' म्हणून सांगितलेलं. मग खातेस काय? सकाळी साय काढलेल्या दुधात कॉर्नफ्लेक्स, दुपारी ब्रेड-जॅम नाहीतर कुरमुरे, क्लासमध्ये डबाबंद ज्यूस, रात्री थोडा वरणभात.

आहार आणि मुरुमं यांच्या संबंधाचा थोडाफार पुरावा आहे, पण तो नेमका तिने ठेवलेल्या पदार्थांविरुद्ध. मैदा, साखर, कुरमुऱ्यांसारखे पदार्थ रक्तातली साखर झपकन वाढवतात. त्यामागोमाग इन्सुलिन आणि आयजीएफ-1 हे वाढीला चालना देणारं संप्रेरक वाढतं, आणि त्याने तेलग्रंथींना जोर येतो. 2007 साली ऑस्ट्रेलियात 15 ते 25 वयाच्या 43 तरुणांवर 12 आठवड्यांचा प्रयोग झाला. साखर हळू वाढवणारा आहार घेणाऱ्यांच्या पुळ्या जास्त कमी झाल्या. मात्र त्यांचं वजनही उतरलं होतं, त्यामुळे श्रेय नक्की कशाला द्यायचं हा प्रश्न उरतोच. साय काढलेल्या दुधाचा मुरुमांशी संबंध अमेरिकेतल्या नर्सेसच्या पाहणीत दिसला होता, पण तिथे शाळकरी वयातलं खाणं आठवून सांगायचं होतं. चॉकलेट निर्दोष ठरवणारा 1969 चा प्रयोग तर मला पटतच नाही. त्यात तुलनेसाठी दिलेल्या वडीतही साखर आणि स्निग्धांश जवळपास तेवढेच होते!

मासे किंवा खोबऱ्याने मुरुमं येतात असा भरवशाचा पुरावा माझ्या वाचनात नाही. पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावर 1,200 जणांना तपासलं, तेव्हा एकाच्याही चेहऱ्यावर मुरुम सापडलं नव्हतं. तो अहवाल 2002 चा. तिथले लोक कंदमुळं, फळं, मासे आणि नारळ खातात. आनुवंशिकता, राहणीमान अशी इतर कारणं असू शकतात, म्हणून त्यावरून मासे हे औषध ठरत नाही. तरी मी ते मुद्दाम तिला सांगितलं. आजी लगेच म्हणाली, "म्हणजे आमचंच जेवण की!"

रक्त तपासलं, हिमोग्लोबिन 8.6. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. चेहऱ्यासाठी रात्री अ‍ॅडापलीन, सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड. जेवणाबद्दल एवढंच सांगितलं, की ज्यूस आणि जॅम सोड, आणि भात किंवा भाकरी नुसती खाऊ नकोस. सोबत बांगडा, अंडं, उसळ, काहीतरी हवंच. प्रथिनं सोबत असली की साखर सावकाश चढते.

वाढत्या वयातल्या पोरींना चेहऱ्यापायी उपाशी राहताना पाहिलं की मला फार वाईट वाटतं. पुळ्यांवर औषधं आहेत. कोवळ्या वयात अंगातलं रक्त असं आटवण्याची काहीही गरज नसते.

पावसाळा संपता संपता ती परत आली, तेव्हा हिमोग्लोबिन 11 च्या वर होतं. पुळ्या निम्म्याहून कमी. त्यातलं बरंचसं श्रेय मी अ‍ॅडापलीनला देईन. खाणं बदलल्याने किती फरक पडला, ते या एका मुलीवरून सांगता येणार नाही. गालांवरचे काळपट डाग अजून आहेत. ते फिकट व्हायला आणखी काही महिने जातील, म्हणून कॉलेजला निघताना सनस्क्रीन लावायला सांगितलं आहे.