कॉर्टेझचा नवरा

मास इफेक्ट ३ हा अंतराळातला व्हिडिओ गेम परत खेळायला घेतला आणि परत त्याच जागी अडकले (पुढे स्पॉयलर आहेत, आधीच सांगते). आपल्या अंतराळजहाजात खालच्या मजल्यावर शटल बे, म्हणजे छोटी यानं ठेवायची जागा, आहे, तिथे स्टीव्ह कॉर्टेझ हा पायलट असतो, एकदा आपण जातो तर तो एकटाच उभा राहून एक रेकॉर्डिंग ऐकत असतो. त्याच्या नवऱ्याचा, रॉबर्टचा, शेवटचा कॉल. कलेक्टर्स या परग्रहवासी शत्रूंनी वसाहतीवर हल्ला केला त्यात रॉबर्ट गेला आणि जाताना सांगून गेला की माझ्यासाठी अडकून राहू नकोस. कॉर्टेझ सरळ "माझा नवरा" म्हणतो, समोरचं कुणी दचकत नाही, कुणी खुलासा मागत नाही, फक्त त्याचं दुःख ऐकून घेतात. मी पहिल्यांदा खेळले तेव्हा कंट्रोलर खाली ठेवून नुसती बसून होते.

हा गेम २०१२चा. पहिला भाग २००७चा, त्यात लियारा होती, असारी या परग्रहवासी लोकांपैकी, ज्यांच्यात एकच लिंग असतं, त्यामुळे शेपर्ड, म्हणजे आपण खेळतो ते पात्र, पुरुष असो की बाई दोघांनाही तिच्यावर प्रेम करता यायचं. पण असारी दिसतात बायकांसारख्याच, म्हणून ते खपून गेलं असं मला वाटतं. दोन पुरुषांचं नातं मात्र पहिल्या दोन्ही भागांत नाही. बोलणारे जेलीफिशसारखे हानार सुचले, आकाशगंगा ओलांडायची यंत्रं सुचली, आणि हे सुचायला तिसरा भाग यावा लागला, याचा मला अजून राग येतो. बाकी शेपर्डला सगळे आडनावानेच हाक मारतात, म्हणून बहुतेक डायलॉग दोघांना सारखेच चालतात. मराठीत हे जमलंच नसतं, शेपर्ड आला की आली हे पहिल्या वाक्यात ठरवावं लागतं, आदराने बोललं तरी आले-आल्या आहेच.

पण नुसता रोमान्स ऑप्शन दिला की झालं असं नाही ना. कॉर्टेझ मला आवडतो कारण तुम्ही त्याच्याशी रोमान्स करा किंवा करू नका, रॉबर्ट होता आणि गेला हे बदलत नाही. आणि तुम्ही त्याच्याकडे लक्षच दिलं नाही, त्याला त्या दुःखातून बाहेर यायला मदत केली नाही, तर शेवटी पृथ्वीवर त्याचं शटल पडतं तेव्हा तो वाचत नाही. म्हणजे त्याचं गे असणं ही वरून चिकटवलेली पट्टी नाही, गोष्टच त्याच्यावर उभी आहे.

सायबरपंक २०७७ या दुसऱ्या गेममधली क्लेअर पण अशीच. बारटेंडर, रेसर, ट्रान्स बाई, पण तिची गोष्ट आहे रेसमध्ये मेलेल्या नवऱ्याचा बदला घेण्याची, ट्रान्स असणं त्यात बोलता बोलता येतं. आणि द आउटर वर्ल्ड्समधली पार्वती! तिला शरीरसंबंधात रस नाही, आधीच्या लोकांनी तिला थंड म्हटलंय, आणि आता जूनलेई नावाची बाई आवडते तर घाबरून आपल्याला विचारते की काय करू. तिथे आपण तिचे फक्त मित्र असतो, तिचं प्रेम आपल्यासाठी ठेवलेलंच नाही.

उलटं उदाहरण म्हणजे २०१७च्या मास इफेक्ट अँड्रोमेडामधली हेनली अब्राम्स. पहिल्याच भेटीत अनोळखी माणसाला ती स्वतःचं ट्रान्झिशनच्या आधीचं जुनं नाव सांगून टाकायची. कुठली ट्रान्स व्यक्ती असं करेल? ट्रान्स खेळाडूंनी हेच विचारलं, कंपनीने माफी मागितली आणि पॅच आणून ते बदललं, आता विश्वास बसल्यावरच ती अशा गोष्टी बोलते. काही वाक्यं इकडची तिकडे केली फक्त, पण त्याने ती माहितीचा फलक न राहता माणूस झाली.

काल मास इफेक्ट ३ मध्ये सिटाडेल या अंतराळ स्थानकावर पोचले. निर्वासितांच्या भागात मेलेल्यांच्या फोटोंची भिंत आहे, कॉर्टेझ तिथे रॉबर्टचा निरोप घ्यायला येतो. मिशन्स बरीच बाकी होती, पण मी आधी तिथेच गेले.