लाकडांच्या ढिगामागची अंडी

कोंबड्या मोकळ्या फिरू लागल्या की ठरवून दिलेल्या खोक्यातच अंडी घालायची शिस्त त्या फार दिवस पाळत नाहीत. आमच्या एकीने लाकडांच्या ढिगामागे गुपचूप जागा धरली आणि आम्हाला पत्ता लागला तेव्हा तिथे अंड्यांची चांगली रास जमली होती. रोजच्या रोज उचललेल्या अंड्याचं वय ठाऊक असतं. इथे जुनं कुठलं, ताजं कुठलं, आणि कोंबडी नुसती अंडी घालायला येत होती की खुडूक होऊन ती उबवायलाही बसत होती, काहीच कळेना. थंडीचे दिवस होते म्हणून तपासण्याच्या भानगडीत पडले. उन्हाळा असता तर सगळीच टाकली असती.

तडा गेलेली आणि विष्ठेने बरबटलेली अंडी आधीच बाद केली. बाकीची धुवायला उचलणाऱ्यांना मी थांबवलं. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात आणि अंडं घातल्यावर वरचा ओलसर थर वाळून ती बुजवतो. धुतलं की हा थर जातो. त्यातून पाणी गार असेल तर आतला ऐवज आकसतो आणि बाहेरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते. धुवायचंच तर वापरायच्या आधी, अंड्यापेक्षा कोमट पाण्याने.

मग अंधाऱ्या खोलीत टॉर्च घेऊन बसले. अंड्याचं रुंद टोक उजेडावर टेकवलं की आतली हवेची पोकळी दिसते. छिद्रांतून पाण्याची वाफ जात राहते तशी ती पोकळी मोठी होते. मला खरं तर शिरा बघायच्या होत्या. कोंबडा सोबत असेल तर अंडं फलित असू शकतं, पण नुसत्या फलित अंड्यात पिल्लू वाढत नाही. त्याला सतत ३७-३८ अंशांची ऊब लागते. तशी ऊब मिळालेल्या अंड्यात चौथ्या-पाचव्या दिवशी लाल शिरांचं जाळं दिसू लागतं. तपकिरी कवचातून ते नीट दिसत नाही, तिथे टॉर्च चांगला प्रखर हवा. काही अंड्यांत गडद सावली दिसली, ती मी फोडून खात्री करण्याच्या फंदात पडले नाही.

उरलेली पाण्यात सोडली. आडवं पडलेलं ताजं, टोकावर उभं राहिलेलं जुनं, तरंगलेलं फारच जुनं. या परीक्षेवर लोकांचा नको तितका विश्वास असतो. पाणी फक्त पोकळी किती वाढली ते सांगतं. साल्मोनेला हा विषबाधा करणारा जंतू असलेलं अंडंही निमूटपणे तळाशी जातं. त्याला ना वास, ना रंग. तरंगलेली मात्र मी टाकलीच.

शेवटची तपासणी वाटीत. प्रत्येक अंडं वेगळ्या वाटीत फोडायचं, ही सवय घरच्या अंड्यांना मी सक्तीची मानते. एक नासकं अंडं सगळं मिश्रण घालवतं, आणि तो वास आला की दुसरी कुठली परीक्षा लागतच नाही. पांढरा भाग हिरवट किंवा गुलाबी दिसला तरी टाकायचं. बाकी ज्या गोष्टींना लोक घाबरतात त्या बहुतेक निरुपद्रवी असतात. रक्ताचा ठिपका म्हणजे अंडं तयार होताना कोंबडीच्या शरीरात फुटलेली बारीक रक्तवाहिनी. पिवळ्या बलकाच्या दोन्ही बाजूंचे पांढरे पीळदार धागे म्हणजे बलकाला मध्यभागी धरून ठेवणारे दोर, पिल्लू नव्हे. ताज्या अंड्याचा पांढरा भाग किंचित धुरकट असतो, कारण आतला कार्बन डायऑक्साइड अजून निघून गेलेला नसतो. बलकावर फिकट वर्तुळ दिसलं तर अंडं फलित आहे एवढंच. खायला काही अडचण नाही.

इतकं करूनही या राशीतल्या अंड्यांचा बलक पातळ ठेवायचा नाही, असं घरात बजावलं. पांढरं आणि पिवळं दोन्ही घट्ट होईपर्यंत शिजवायचं. अंडी दुसऱ्या कशात फेटून घातली तर आतलं तापमान ७१ अंशांवर गेलं पाहिजे. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि गरोदर बाई घरात असेल तर कच्चं-पक्कं अंडं एरवीही देऊ नये.

पाण्यात उभी राहिलेली मात्र मी न फोडता उकडायला ठेवली. अगदी ताज्या अंड्याचं कवच सोलताना पांढऱ्या भागाचे लचके निघतात; ही सरसर सोलली गेली.