तुतेआमे, माउली

स्पेनमधल्या सारिया गावातल्या बारमध्ये मी तोंड उघडलं आणि पहिल्याच वाक्याला अडले. काउंटरमागच्या बाई सत्तरीच्या, म्हणून मी पुण्याच्या क्लासात घोटलेलं आदरार्थी ‘उस्तेद’ लावून कॉफी मागितली. त्या हसून म्हणाल्या, ‘तुतेआमे!’ मला अगंतुगं कर. अरेतुरे करायला स्पॅनिशमध्ये स्वतंत्र क्रियापदच आहे. ‘तू’ कर हा आग्रहही बाईंनी ‘तू’ म्हणूनच केला.

मी निघाले होते कामिनोला, सान्तियागो दे कोम्पोस्तेलाच्या पायी यात्रेला. सारियापासून ते साधारण ११५ किलोमीटर. चालत किमान १०० केल्याचं प्रमाणपत्र मिळतं, त्यासाठी रोज दोन ठिकाणी शिक्के घ्यायचे. वाट दाखवायला दगडांवर, भिंतींवर पिवळे बाण. दोन वर्षांपूर्वी आळंदीहून पंढरपूरला चालले होते, त्यामुळे पाय तयार आहेत असा माझा समज होता.

पहिल्याच दुपारी टाचेला फोड आला. पोर्तोमारिनच्या अलीकडे एका अंगणात काठी टेकून उभे असलेले आजोबा ओरडले, ‘नो कोर्रास!’ धावू नकोस. सान्तियागो काही पळून जात नाही, हेही वर. क्लासात मला हेच जमत नसे: ‘कोर्रे’ म्हणजे धाव, मग नकार देताना क्रियापदाचं रूप का बदलायचं? त्या उन्हात उमगलं, आपणही ‘धाव नको’ म्हणत नाही, ‘धावू नकोस’ म्हणतो. आजोबांनी दगडी कट्ट्याकडे बोट दाखवलं. ‘सीएन्ताते.’ बस. ‘कीताते लास बोतास.’ बूट काढ. ‘पोन्ते वासेलिना.’ व्हॅसलिन लाव. वहीत लिहिलेल्या आज्ञार्थाच्या तक्त्यातलं एकेक रूप माझ्या टाचेवर उतरत होतं.

पोर्तोमारिनचं चर्च धरणाच्या पाण्यात जाऊ नये म्हणून दगड दगड सुटा करून वर आणून पुन्हा बांधलंय. मी ते खालूनच पाहिलं. जिना चढवेना.

या वाटेवर कुणीच कुणाला ‘उस्तेद’ म्हणत नाही. डॉक्टर असो, सुतार असो, सगळ्यांना ‘तू’. वारीत उलटं. दिंडीत पोलिसापासून पोराटोरापर्यंत सगळे माउली. ‘माउली, पाणी घ्या.’ ‘माउली, वाट द्या.’ तिथं सगळ्यांना वर चढवतात, इथं सगळ्यांना खाली बसवतात. मला खाली बसणं जड गेलं, खरं सांगते. परक्या माणसाला नुसतं ‘पी’, ‘खा’ म्हणताना जीभ आतच वळे. आपल्याकडे निदान ‘पी ना’, ‘खा की’ असतं.

मेलिदेला पुल्पेरियात, म्हणजे ऑक्टोपसच्या खानावळीत, मालकिणीने लाकडी थाळी पुढे सरकवली. ऑक्टोपस, वर लाल मिरचीपूड आणि ऑलिव्ह तेल. ‘प्रुएबालो, इखा!’ चाखून बघ, पोरी. मी माळकरी घरातली. नाही म्हटल्यावर ती म्हणाली, ‘आन्दा!’ या शब्दावर माझा जीव जडला. शब्दशः अर्थ ‘चाल’, पण वापर थेट आपल्या ‘चल, काहीतरीच!’सारखा. मग माझ्यापुढे चीज आणि पाव आला, आणि ‘कोमे, कोमे’ सुरू झालं. आमची आजी पंगतीत करायची तसंच.

शेवटच्या दिवशी पेद्रौसोच्या पुढे, निलगिरीच्या झाडांखाली एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ लंगडत होते. एकटेच. ओठ घट्ट मिटलेले. मी दोनदा त्यांना ओलांडून पुढे गेले आणि दोन्ही वेळा पुढे जाऊन थांबले. तिसऱ्यांदा ते जवळ आले तेव्हा मी वाटेकडेच्या ओंडक्यावरची पानं झटकली.

‘सीएन्ताते ना,’ मी म्हटलं.

तो ‘ना’ त्यांना कळायचं काही कारण नव्हतं. ते बसले. मी व्हॅसलिनची डबी काढली.