नोंदवही: ‘तो पंखा आहे ना’पाशी थांबलेलं काम

गेल्या नोंदीत लिहिलं होतं की ध्वनिमुद्रित केलेल्या अकरा मिनिटांच्या मराठी गप्पा शब्दशः उतरवून झाल्या आणि आता त्यांतल्या शब्दांना ‘विषय’ (ज्याविषयी बोलणं चाललंय ते) आणि ‘कर्ता’ असे दोन रंग लावायला घेतोय. रंग लावून झाले. परवा सगळे पुसले आणि आता पुन्हा पहिल्यापासून लावतोय. कारण सविस्तर सांगतो, म्हणजे असंच काही करणाऱ्यांचे तेवढे दिवस वाचतील.

अडलं ते या वाक्यापाशी:

तो पंखा आहे ना, मी परवा वायर बदलली.

ऐकताना कुणालाच काही खटकत नाही. रंग लावायला बसलं की मात्र हात थांबतो. शाळेत वाक्यपृथक्करणात शिकलो होतो की ज्याच्याविषयी बोलायचं ते उद्देश्य आणि त्याविषयी जे सांगायचं ते विधेय. आणि लगेच पुढे, उद्देश्य म्हणजे कर्ता आणि त्याचा विस्तार. इथे बोलणं चाललंय पंख्याविषयी. बदलणारा ‘मी’. आणि क्रियापद चालतंय वायरच्या लिंगावचनाप्रमाणे: ‘बदलली’. तीन कामं, तीन वेगळे शब्द. त्यातही पंख्याला दुसऱ्या तुकड्यात व्याकरणाची कुठलीच जागा नाही. ‘पंख्याची वायर’ असंसुद्धा म्हटलेलं नाही. तो नुसता समोर आणून ठेवलाय.

माझी चूक अशी की वाक्यातला पहिला विभक्ती-प्रत्यय नसलेला शब्द दिसला की मी त्याला दोन्ही रंग देत होतो. ‘मला भूक लागली’मध्ये त्यामुळे ‘भूक’ हाच विषय ठरला होता! क्रियापद भुकेप्रमाणे चालतं हे खरं, पण बोलणं माझ्याविषयी आहे. ‘तिला आपली किल्ली सापडली’ घ्या. ‘सापडली’ किल्लीकडे बघतं, पण ‘आपली’ म्हणजे कुणाची? तिची. म्हणजे कर्त्याच्या खुणासुद्धा एकाच शब्दावर गोळा होत नाहीत, अर्ध्या इकडे, अर्ध्या तिकडे.

‘तू वायर बदललीस’वर मी अख्खी संध्याकाळ घालवली आणि ती सत्कारणी लागली असं मनापासून वाटतं. ‘बदलली’ हे वायरसाठी, आणि शेवटचा ‘स’ तुझ्यासाठी. एकच क्रियापद दोघांची नोंद ठेवतं. म्हणून तर बोलताना नुसतं ‘बदललीस का?’ पुरतं. कोण, हे ‘स’ सांगतो. काय, हे आधी समोर आलेलं असतं.

1976 मध्ये चार्ल्स ली आणि सँड्रा थॉम्पसन या भाषाशास्त्रज्ञांनी भाषांची वाटणी मांडली होती: काही भाषा कर्त्याभोवती वाक्य बांधतात, काही विषयाभोवती. चिनी दुसऱ्या गटात, जपानी आणि कोरियन दोन्हींकडे, इंडो-युरोपीय भाषा पहिल्या गटात. पंख्याचं वाक्य मात्र चिनी वाक्यांच्या शेजारी सहज बसेल. माझं मत असं होत चाललंय की लिहिलेली मराठी पहिल्या गटात शोभते आणि गप्पांमधली मराठी पुष्कळदा दुसऱ्या गटात जाऊन बसते.

आता पद्धत बदलली. पूर्णविराम काढून टाकले आणि एका दमात जेवढं बोललं जातं तेवढा एक तुकडा धरला. हा भाषाशास्त्रज्ञ वॉलेस चेफ यांचा धडा: बोलणं लहान लहान तुकड्यांत येतं आणि एका तुकड्यात साधारण एकच नवी गोष्ट मावते. तसं कापलं की ‘तो पंखा आहे ना’ हा आपोआप स्वतंत्र तुकडा होतो. प्राटमध्ये (आवाज तपासायच्या संगणक-प्रणालीत) स्वराच्या चढउताराची रेषा बघितली तर माझ्या ध्वनिमुद्रणात ‘ना’वर ती वर जाते, मग क्षणभर थांबा. ऐकणारा तिथेच ‘हं’ म्हणतो. हा ‘हं’ मी आधी उतरवलाच नव्हता, तो उतरवाच. विषय मान्य झाल्याची ती पावती असते, आणि ती मिळाल्यावरच पुढचं येतं.

क्रियापदानंतर येणारा विषय वेगळाच: ‘बंदच पडला, तो पंखा.’ इथे स्वर खाली आणि सपाट, ‘हं’ची वाट बघणं नाही. त्याला मी तिसरा रंग दिलाय.

नवा माणूस गोष्टीत कसा येतो तेही बघितलं. ‘एक मुलगा आला’, ‘एक बाई होती’ अशा अकर्मक क्रियापदांबरोबर तो आत येतो. सकर्मक क्रियापदाचा कर्ता होईपर्यंत तो ‘त्याने’ झालेला असतो किंवा पूर्ण गळालेला असतो. भाषाशास्त्रज्ञ ड्यू बॉय यांनी 1987 मध्ये ग्वातेमालातल्या साकापुल्तेक माया भाषेतल्या कथनांवरून हेच दाखवलं होतं. माझ्या अकरा मिनिटांत तेच दिसलं तेव्हा फार आनंद झाला.

रंग चौथ्या मिनिटापर्यंत पोचलेत. तिथे हे आलंय: ‘मला ना, त्या दिवशी ना, ती किल्लीच...’ आणि बोलणं तिथेच सुटतं, क्रियापद येतच नाही. ऐकणारा तरीही ‘हो ना’ म्हणतो. तीन ‘ना’-‘च’वाले तुकडे, कर्ता ठरवायला क्रियापद नाही. सध्या तिन्हींना विषयाचा रंग देऊन शेजारी प्रश्नचिन्ह ठेवलंय, आणि उद्या तेवढाच भाग हळू गतीने ऐकणार आहे.