सुकेपर्यंत

पिना लावलेल्या डोक्याइतकं विनोदी दृश्य घरात क्वचितच दिसतं. ओल्या केसांची छोटी छोटी वेटोळी टाळूला चिकटलेली, प्रत्येक वेटोळ्यावर केसांच्या दोन आकड्यांची फुली, मधल्या रेघांतून डोकावणारी कातडी. दारावरची घंटा हमखास तेव्हाच वाजते. आणि १९४० च्या दशकातल्या त्या तकतकीत, खांद्यावर लाटांनी उतरणाऱ्या केसांकडे जाणारी वाट नेमकी याच डोक्यावरून जाते. जुन्या फोटोंत ही पायरी कुठेच नसते. त्यामुळे हौसेने या वाटेला लागणाऱ्यांना वाटतं, सगळं कसब बोटांत आहे. थोडं आहेच. पण निम्म्याहून जास्त काम नुसतं थांबण्याचं आहे आणि थांबताना आपल्या हातात एवढंच असतं, मधेमधे न करणं.

केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. त्याच्या लांबलचक साखळ्या एकमेकींना निरनिराळ्या बंधांनी धरून असतात. गंधकाचे बंध भक्कम, त्यांना पाणी काही करत नाही. हायड्रोजनचे बंध मात्र संख्येने अमाप आणि स्वभावाने कच्चे. पाणी आत शिरलं की सुटले, पाणी गेलं की पुन्हा जुळले. जुळताना ते जुनी जागा शोधत बसत नाहीत. सुकताना केस जसा वळलेला असेल तसेच ते धरतात. शिवाय ओला केस कोरड्यापेक्षा पुष्कळ जास्त ताणतो. म्हणून तर बट ओलीच घ्यायची, मुळाशी किंचित खेचून विंचरायची आणि मग गुंडाळायची. पिना केस वळवत नाहीत. पाणी बाहेर पडेपर्यंत त्या फक्त राखण करतात.

आता हे कच्चे बंध जसे आपल्या कामाचे, तसेच ते हवेच्याही कामाचे. जिनिव्हाच्या ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात हवेतला दमटपणा मोजायचं एक यंत्र केलं आणि १७८३ मध्ये त्यावर ग्रंथही लिहिला. यंत्रात बसवला होता माणसाचा केस. दमट हवेत तो जरासा लांबतो, कोरड्या हवेत आखडतो आणि त्याला जोडलेला काटा सरकतो. अगदी कोरड्या हवेपासून ओलीगच्च हवेपर्यंत लांबीतला फरक दोन-अडीच टक्क्यांचा, पण यंत्राला तेवढा पुरतो. अशी लाखभर यंत्रं डोक्यावर घेऊन पावसाळी संध्याकाळी बाहेर पडायचं आणि लाटा टिकाव्यात अशी अपेक्षा करायची, हे जरा जास्तच झालं. अशा दिवशी केस सरळ बांधून टाकावेत, असं माझं मत.

हा तात्पुरतेपणा न सोसवणारे लोक होतेच. मार्सेल ग्रातो या फ्रेंच केशरचनाकाराने १८७० च्या दशकात तापवलेल्या चिमट्याने लाटा पाडायची पद्धत काढली. त्या देखण्या होत्या, पण धुतल्या की गेल्या. मग कार्ल नेस्लर या जर्मन माणसाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये कायमच्या लाटांचं यंत्र पुढे आणलं. वरून टांगलेल्या, विजेने तापणाऱ्या जड पितळी सळया, त्यांवर गुंडाळलेले केस आणि खाली तासन्‌तास बसून राहिलेली बाई. पहिले प्रयोग त्याने स्वतःच्या बायकोवर केले आणि त्यांत तिचे केस जळाले, टाळूही भाजली. इतिहासात नाव अर्थातच नवऱ्याचं राहिलं. पुढे १९२८ मध्ये शिकागोच्या मार्जरी जॉयनर यांनी एकाच वेळी पुष्कळ सळया तापवणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. मांस भाजताना त्यात खोचायच्या सळयांवरून त्यांना ती कल्पना सुचली होती. अशी यंत्रं मला चित्रांत पाहायला फार आवडतात. घरात आपलं पाणी बरं. मनासारखं झालं नाही तर पुन्हा पाणीच.

पाणी तरी किती? निथळणारे केस नकोत, ते सुकायला दिवस घेतात. धुऊन, टॉवेलने टिपून, हाताला गार आणि दमट लागतील इतपत. एखादी बट मधेच सुकली तर पाण्याचा फवारा पुन्हा मारावा. त्यावर पकड येण्यासाठी काहीतरी लावायचं. फवाऱ्याचे डबे चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस केसांसाठी मिळू लागले. त्याआधी घरोघरी जवस उकळून तिचा बुळबुळीत अर्क काढत. तो आजही काढता येतो, एकच सांभाळायचं: गरम असतानाच गाळून घ्यायचा. गार झाला की इतका दाटतो की गाळणीतून खाली उतरायलाच तयार नसतो. हा अर्क सुकल्यावर केस कडक होतात आणि ब्रश फिरवला की तो कडकपणा जातो. बाजारातल्या कित्येक जेलना एवढंही जमत नाही.

बट घ्यायची लहान. ‘एवढ्या बारीक बटा घेत बसलो तर रात्र जाईल’ असं वाटतं तेव्हा समजावं की माप बरोबर आहे. टोकापासून गुंडाळत मुळाशी यायचं आणि टोक वेटोळ्याच्या पोटात बंद करायचं. ते बाहेर राहिलं तर सुकल्यावर गळासारखं वाकडं होऊन उभं राहतं आणि ब्रशलाही दाद देत नाही. वेटोळं टाळूवर चपटं ठेवलं तर मुळाशी केस बसलेले राहतात. उभं ठेवून चाप लावला तर तिथे फुगा येतो. कपाळाशी उभी आणि कानामागे चपटी असा मेळ बहुतेक चेहऱ्यांना शोभतो.

खरी गंमत दिशेत आहे. एका ओळीतली वेटोळी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, तिच्याखालच्या ओळीतली उलट, त्याखालची पुन्हा पहिल्यासारखी. दिशा जिथे बदलते तिथे लाट पडते. चाळीस-पन्नासच्या दशकांतल्या मासिकांत यासाठी डोक्यांचे नकाशे छापत. समोरून, बाजूने, मागून काढलेलं टक्कल पडल्यासारखं डोकं, त्यावर गोलच गोल आणि प्रत्येक गोलात बाण. केशरचनेच्या फोटोपेक्षा मला हे नकाशे जास्त प्रिय आहेत. फोटो म्हणतो, बघा. नकाशा म्हणतो, बसा, करू या. फक्त त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे केसांची कापणी. त्या काळी केस थरांत आणि आजच्या मानाने आखूड कापलेले असत. कमरेपर्यंतच्या एकसारख्या लांबीच्या केसांवर तोच नकाशा हुबेहूब उतरवला, तरी केसांचं वजनच लाटा ओढून सरळ करतं. मूळचे घट्ट कुरळे केस असतील त्यांचं गणित आणखी वेगळं. त्यांनी वेटोळ्यांच्या नादी न लागता ओल्या केसांत बोटं आणि कंगवा वापरून थेट लाटा दाबाव्यात. विशीच्या दशकातल्या त्या चापूनचोपून बसवलेल्या लाटा अशा केसांवर सुरेख धरतात.

आणि मग थांबायचं. वरून हात लावून सुकलं म्हणू नये. वेटोळ्याचा गाभा सगळ्यांत शेवटी सुकतो. खूण सोपी आहे, गार लागलं तर आत पाणी आहे. गरम हवेने सुकवलं असेल तर उलट खबरदारी, पूर्ण गार होईपर्यंत सोडायचं नाही. त्यामुळे रात्रभर रुमाल बांधून झोपणं हाच राजमार्ग. झोप कशी लागते हे विचारू नये. लोखंडी आकड्यांवर डोकं टेकवून पिढ्यान्‌पिढ्या झोपल्या, एवढं खरं. आकडे रुतत असतील तर चिंध्यांवर बटा गुंडाळून गाठ मारायची जुनी रीत आहे. उशीवर ती पुष्कळ दयाळू ठरते.

मला यातलं सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं ते हे, की हा सगळा खटाटोप एका संध्याकाळसाठी नसे. पन्नास-साठच्या दशकांत अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये असंख्य बायका आठवड्यातून एकदा सलूनमध्ये केस धुऊन, सेट करून आणत आणि पुढल्या वारापर्यंत त्यावर दिवस काढत. ज्या घरी करत त्यांचंही वेळापत्रक साधारण तेच. पहिल्या दिवशी केस जरा जास्तच कडक आणि आज्ञाधारक दिसतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते सैल पडतात, तेलाने थोडे जड होतात आणि तेव्हा खरे देखणे दिसतात. शेवटी उरलेल्या लाटांना रुमालाखाली किंवा जाळीत जागा मिळे. रोज धुतलेल्या, भुरभुरत्या केसांतून हे रूप तासाभरात काढू पाहणाऱ्याला ते सापडत नाही, कारण ते तासाभराचं कधी नव्हतंच.

पिना काढल्यावरची पहिली पाच मिनिटं मात्र धीराची. आरशात एक कुरळं, गोल, भयंकर काहीतरी असतं आणि इथेच बरेच जण केस पाण्याखाली धरतात. तसं करू नये. दाट दातांचा ब्रश घ्यावा आणि न घाबरता विंचरत सुटावं. सुरुवातीला ते आणखी फुगतं. मग वेटोळी एकमेकींत मिसळू लागतात आणि दिशेचे ते बाण, जे आपण रात्री मुकाट्याने पाळले होते, ते लाटा होऊन वर येतात. तळहाताने लाट आत ढकलायची, खोलगट जागी चाप लावून थोडा वेळ ठेवायचा. जितकं जास्त विंचराल तितकं चांगलं होत जातं. हे लिहायला सोपं आहे. त्या क्षणी हात थांबतोच.

फुगे आणि गुंडाळ्यांचे प्रकार याच्यापुढचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कपाळावर दोन्ही बाजूंनी उभ्या केलेल्या त्या ‘व्हिक्टरी रोल’ना मुळाशी आधार लागतो. त्याआधीच्या पिढ्यांत हा आधार स्वतःच्याच गुंतवळाचा असे. एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य घरांत शृंगारमेजावर झाकणाला भोक असलेली एक डबी ठेवत. विंचरताना निघालेले केस त्या भोकातून आत सरकवायचे, पुरेसे साठले की त्यांची गादी करून ती केसांखाली दडवायची. रंग जुळवायची भानगडच नाही. कल्पना बिनतोड आहे, पण मला त्या डबीचा धसका वाटतो.

मोकळे सोडलेले केस सरकारदरबारी पोचल्याचीही गोष्ट आहे. व्हेरॉनिका लेक या अभिनेत्रीच्या एका डोळ्यावर उतरणाऱ्या बटेची नक्कल अमेरिकेत इतकी झाली की युद्धसामग्रीच्या कारखान्यांत ती यंत्रांत अडकण्याची भीती निर्माण झाली. १९४३ मध्ये सरकारच्या विनंतीवरून लेकने स्वतः केस वर बांधून दाखवले.

१९६० मध्ये शिकागोच्या मार्गरेट विंची हेल्ट यांनी एका व्यावसायिक मासिकासाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी उंच रचना केली, तिच्या वाट्याला मी जात नाही. तिला उलटं विंचरावं लागतं. केसावर सूक्ष्म खवले असतात, त्यांची तोंडं टोकाकडे. उलटा कंगवा त्यांना उचकटतो आणि उचकटलेले केस एकमेकांत अडकून उंच राहतात. दिसतं भव्य, यात वाद नाही. पण मोडताना आधी खालची टोकं, मग मधला भाग, मग मुळं, अशा क्रमाने, कंडिशनर चोपडून, एकेक पुंजका सोडवत बसावं लागतं. चिडून वरून कंगवा घातला तर गुंता आणखी बसतो आणि केस तुटतात. रचायला लागला त्याहून मोडायला जास्त वेळ जातो आणि तेवढा वेळ हाताशी नसेल तर त्या रात्री अंबाडा घालावा.