वायरिंग नवं केलं आणि पद्मिनी सेल्फवर लागेना : माझा अनुभव

जुन्या गाडीचं वायरिंग केल्यावर ती धक्क्याने लगेच स्टार्ट होत असेल आणि सेल्फवर काही केल्या होत नसेल, तर कृपा करून नवी बॅटरी घ्यायला जाऊ नका. मी बॅटरी घेतली, स्टार्टर (सेल्फची मोटर) उघडायला दिला, एकोणीस दिवस घालवले, आणि दोष निघाला किल्लीच्या स्विचमागे, एका वायरीच्या जागेत. माझा राग अजून गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमची प्रीमियर पद्मिनी १९८४ ची. वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरीला होते तेव्हा त्यांनी घेतलेली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, गिअर स्टिअरिंगला. वणीला देवीच्या दर्शनाला म्हणा, कसारा घाट उतरून ठाण्याला आत्याकडे म्हणा, आमचं सगळं लहानपण याच गाडीत गेलं. वडील आता ८१ वर्षांचे आहेत. गाडी चालवत नाहीत, पण सेल्फचा आवाज आतल्या खोलीतून ओळखतात.

पहिल्या पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीच्या नोंदणीचं दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी गाडी पेठ रोडला आरटीओत तपासणीला न्यावी लागते. आमची तारीख जवळ आली होती. हेडलाइट मिणमिणते, हॉर्न मनात येईल तेव्हा वाजणारा, आणि डॅशखालच्या जुन्या वायरींना नुसता हात लावला तरी वरचं आवरण भुगा होऊन खाली पडायचं. म्हणून पूर्ण वायरिंग सेट, हेडलाइटला रिले आणि किल्लीचा नवा स्विच असं काम ओळखीतल्या एका गॅरेजला दिलं. आठ दिवस लागले. हेडलाइटचं काम उत्तम झालं, हे प्रामाणिकपणे सांगतो. रिलेमुळे दिव्यांचा सगळा करंट स्विचमधून फिरून येत नाही, थेट बॅटरीकडून येतो, त्यामुळे उजेड एकदम पांढरा पडायला लागला.

आठव्या दिवशी फोन आला. ‘काम झालंय साहेब, फक्त स्टार्टिंगला जरा त्रास देतेय. धक्क्यावर घेऊन जा, दोन दिवस चालली की सुटेल.’

दोन दिवस चालली, चार दिवस चालली. सुटली काहीच नाही. रोज सकाळी तेच. किल्ली फिरवली की सेल्फ जोरात फिरायचा, अगदी व्यवस्थित, पण इंजिन काही पेटायचं नाही. पाच वेळा, सहा वेळा, पेट्रोलचा वास येईपर्यंत. मग कॉलनीतली पोरं बोलवायची, किल्ली ऑन ठेवून दुसऱ्या गिअरला धक्का मारायचा, की पहिल्या दहा पावलांत गाडी चालू. आणि एकदा चालू झाली की मुंबई नाक्याच्या गर्दीतसुद्धा बंद पडायची नाही.

यात एक खूण होती आणि ती मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो. सेल्फ मारताना इंजिन अजिबात साथ द्यायचं नाही, पण किल्ली सोडली की त्याच क्षणी एकदा ‘भक्’ करून पकडल्यासारखं करायचं. कधी कधी दैव चांगलं असेल तर त्या एका ठोक्यावर चालूही व्हायचं. मी गॅरेजमध्ये हे तीन वेळा सांगितलं, एकदा करून दाखवलं. उत्तर ठरलेलं, ‘जुनी गाडी आहे साहेब, असं होतंच.’

जुनी गाडी आहे म्हणजे काय? कामाला देण्याच्या आदल्या दिवशीपर्यंत ती अर्ध्या सेल्फवर लागत होती. आठ दिवसांत ती म्हातारी झाली नाही. त्या आठ दिवसांत तिच्यात बदललं होतं ते फक्त वायरिंग आणि स्विच. हे वाक्य मी त्यांच्यासमोर जसंच्या तसं बोललो, तरी त्यांचं लक्ष प्रत्येक वेळी वायरिंग सोडून दुसरीकडेच.

पहिल्या फेरीत प्लग बदलले, डेलको (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) उघडून त्यातले सीबी पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे) घासले आणि गॅप पुन्हा लावला, कंडेन्सर नवा टाकला. दुसऱ्या फेरीत कार्बोरेटर साफ केला. मग म्हणाले, धक्क्यावर लागते आणि सेल्फवर नाही म्हणजे बॅटरी कमजोर, सेल्फ सगळा करंट खातो आणि कॉइलला (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते ती) काही उरत नाही. हे ऐकायला इतकं पटतं की मीही मान डोलावली. अशक्त बॅटरीने असं खरोखर होतंही. साडेचार हजारांची नवी बॅटरी घेतली. काही फरक नाही. मग स्टार्टर जास्त करंट ओढतोय म्हणाले. स्टार्टर उतरवला, कार्बन आणि बुश बदलले, बावीसशे रुपये. तरी तेच. तिसऱ्या फेरीत मी विचारलं, कॉइलला करंट येतोय का? त्यांनी किल्ली ऑन केली, कॉइलच्या पॉझिटिव्हला टेस्ट लॅम्प लावला, दिवा लागला. ‘बघा, फुल करंट आहे.’

याच ठिकाणी सगळे फसले. किल्ली ऑन असताना करंट आहे का, हे त्यांनी बघितलं. सेल्फ फिरत असताना आहे का, हे कोणीच बघितलं नाही.

रविवारी मी स्वतः बसलो. पाऊस लागून होता आणि पार्किंगमध्ये उजेड कमी, ते एका अर्थी बरंच झालं. आधी मीटर बॅटरीला लावला. बंद गाडीला १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.४. म्हणजे बॅटरी उत्तम होती. सेल्फ मारताना हा आकडा साडेनऊच्या खाली जायला लागला, तरच बॅटरीवर किंवा स्टार्टरवर संशय घ्यायचा. हा मीटर आधी लावला असता तर सहा हजार सातशे रुपये वाचले असते.

मग इंडिकेटरचा २१ वॉटचा एक जुना बल्ब घेतला, त्याला दोन वायरी जोडल्या. एक कॉइलच्या पॉझिटिव्हला, दुसरी इंजिनच्या लोखंडाला. मीटरऐवजी बल्ब मुद्दाम घेतला. वायरीचा एकच तार शिल्लक असला तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, पण हा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, त्यामुळे वायरीत दम आहे की नाही ते लगेच कळतं. मुलीला बॉनेटपाशी उभं केलं आणि सांगितलं, फक्त बल्बकडे बघ.

किल्ली ऑन केली. ‘लागला, बाबा.’

सेल्फ मारला. ‘विझला!’

किल्ली सोडली. ‘परत लागला.’

मी तीनदा तसंच केलं. तिन्ही वेळा बल्ब मंद न होता पूर्ण विझला. तेव्हाच डॅशकडे लक्ष गेलं. चार्जिंगचा लाल दिवासुद्धा सेल्फ मारताना पार विझत होता. खरं तर तो थोडा मंद होऊन लागलेला राहायला हवा. ही खूण एकोणीस दिवस माझ्या नाकासमोर होती आणि तीन वेळा त्यांच्याही.

खात्री करायला एक वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून थेट कॉइलच्या पॉझिटिव्हला दिली आणि सेल्फ मारला. पहिल्या फेऱ्याला इंजिन चालू. आतून वडिलांची हाक आली, ‘लागली का रे?’ तेव्हा मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. (ही थेट वायर फक्त तपासणीपुरती. ती असेपर्यंत किल्लीने इंजिन बंद होत नाही, वायर काढावी लागते. आणि बंद गाडीत ती तशीच राहिली, पॉइंट मिटलेले असले, तर कॉइल तापून जळते.)

आता स्विच. बॅटरीची निगेटिव्ह काढली, मग स्विच डॅशमधून बाहेर ओढला. मागे चार टर्मिनल होते. ३० म्हणजे बॅटरीकडून येणारा कायमचा करंट. १५ म्हणजे इग्निशन, किल्ली ऑन असतानाही आणि सेल्फ मारतानाही चालू. ५० म्हणजे सेल्फ. चौथं ॲक्सेसरीचं, रेडिओ-पंख्यासाठी. सेल्फला पूर्ण ताकद मिळावी म्हणून किल्ली सेल्फवर गेली की स्विच हे चौथं टर्मिनल मुद्दाम बंद करतो. त्यांनी कॉइलची आणि मीटरच्या दिव्यांची वायर याच चौथ्यावर बसवली होती, आणि १५ वर रेडिओची. म्हणजे सेल्फ फिरतोय तोवर स्पार्कच नाही. किल्ली सोडली की करंट परत येतो, इंजिन अजून गरगरत असतं, म्हणून तो एक ‘भक्’. आणि धक्क्याला किल्ली नुसती ऑनवर असते, म्हणून तिथे लगेच चालू. सगळ्या खुणांचं उत्तर त्या दोन वायरींत होतं. अदलाबदल केली, दहा मिनिटं लागली.

एक आधीच सांगायला हवं होतं. वायरिंग झाल्यावर गॅरेजमधून गाडी परत आणायला गेलो त्या दिवशी सेल्फच फिरत नव्हता, नुसतं ‘कट्’ वाजायचं. चोक ओढायला हात लावला तर केबल चटका बसावा इतकी गरम. इंजिन आणि बॉडीमधली अर्थची जाड पट्टी परत लावायचीच राहिली होती, आणि सेल्फचा सगळा करंट बिचाऱ्या चोकच्या केबलमधून परत जात होता. हे तिथल्या एका मुलाने लगेच ओळखलं, बॉडीवरचा रंग पॉलिश पेपरने खरवडून पट्टी घट्ट बसवली. तो मुलगा हुशार होता. पुढच्या फेऱ्यांना तोच समोर असता तर कदाचित हे लिहायची वेळ आली नसती. तर वायरिंगनंतर नुसतं ‘कट्’ वाजत असेल, आधी ती पट्टी बघा, आणि केबल तापत असेल तर सेल्फ मारत राहू नका.

दुसरी गोष्ट, काही जुन्या गाड्यांत कॉइलला बॅलास्ट रेझिस्टर (एरवी कॉइलचा करंट कमी ठेवणारा) असतो आणि सेल्फच्या वेळी कॉइलला पूर्ण करंट देणारी एक वेगळी वायर असते. ती जोडायची राहिली तरी असाच घोळ होऊ शकतो. बल्बची तपासणी तिथेही तीच.

आणि काम द्यायच्या आधी जुन्या स्विचच्या मागचे फोटो काढा. मी काढले नव्हते. जुन्या वायरींचे रंग वेगवेगळे होते, नव्या सेटमध्ये स्विचकडच्या चारपैकी तीन लाल आहेत. आता प्रत्येकीला कागदी टेप लावून नाव लिहिलंय.

बुधवारी पेठ रोडला गाडी सेल्फवर गेली, तपासणी झाली. परत येताना गॅरेजमध्ये थांबून मालकांना स्विचचा फोटो दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाले, ‘स्विचच तसा आला असेल.’ मी फोटोत १५ चा आकडा मोठा करून दाखवला. मग ते काही बोलले नाहीत. बॅटरीचं मी सोडून दिलं, ती वापरात आहे. स्टार्टरचे बावीसशे परत मागितलेत. ‘बघतो’ म्हणालेत. उद्या पुन्हा जाणार आहे.