तुम्ही विचारलंत म्हणून: पिकअप गॅसवरची घ्यावी की डिझेलची?

"दादा, गाडी घेतोय. सीएनजी घेऊ का डिझेल?" नारायणगावच्या टोमॅटो बाजारात गाडी लावली की दर आठवड्याला कुणीतरी हे विचारतंच. विचारणारा बहुतेक पंचविशीतला असतो, कर्जाची फाइल मंजूर होत आलेली असते. पुढची पाच वर्षं त्याला हप्ता भरायचा असतो, म्हणून मी घाईत उत्तर देत नाही. माझ्याकडे दोन्ही आहेत, डिझेलची बोलेरो पिकअप आणि सीएनजीची सुपर कॅरी, म्हणजे मारुतीची छोटी मालगाडी. मी आधी उलट विचारतो, माल काय, किती आणि जायचंय कुठं?

शोरूममध्ये किलोमीटरमागचा खर्च सांगतात. त्यात गॅस जिंकतो आणि ते खोटं नाही. माझी सुपर कॅरी किलोला सतरा किलोमीटर देते, पिकअप लिटरला बारा. पण टोमॅटोचं भाडं क्रेटवर मिळतं. पिकअपमध्ये वीस किलोचे सत्तर क्रेट जातात. सुपर कॅरी पेट्रोलची असली तर ७४० किलो वाहते, सीएनजीची ६२५. सिलिंडरचं वजन मालाच्या वाट्यातूनच जातं ना! म्हणजे तीस क्रेटसुद्धा नीट होत नाहीत. सत्तर क्रेट वाशीला न्यायचे तर तिला अडीच खेपा. तेवढ्याच मालाला किलोमागे सतराचे सातच किलोमीटर उरले. शिवाय ड्रायव्हरची झोप आणि टोल वेगळाच.

घाटासाठी डिझेल हवं असं सगळे म्हणतात. आमच्याकडची भरलेली गाडी माळशेज उतरते आणि बहुतेक वेळा रिकामीच चढते. डिझेलचा खरा जोर लागतो तो शेतात. जुलैत काळ्या रानात दीड टन भरून उभी असलेली पिकअप पहिल्या गिअरला टाकायची, क्लच सावकाश सोडायचा, रेस जवळपास द्यायचीच नाही. गाडी चिखलातून चालत बाहेर येते. गॅसच्या गाडीला तिथं रेस वाढवावी लागते. चाक जागेवर फिरतं, खड्डा करतं, मग ट्रॅक्टर बोलवा.

आता गॅसचं दुखणं. आपल्या भागातल्या बऱ्याच पंपांवर पाइपलाइन नाही, गॅस ट्रकवरच्या सिलिंडरांतून येतो. तो ट्रक रिकामा होत आला की दाब उतरतो. २०० बारला भरायची टाकी दीडशेवरच थांबते. एकदा पहाटे तीनला कोथिंबीर घेऊन मी रांगेत होतो, पुढे अकरा गाड्या. गॅसचा ट्रक आला सव्वापाचला. ओल्या गोणपाटाखाली हात घातला तर मधल्या जुड्या गरम लागत होत्या. पुण्याच्या मार्केट यार्डात पोचलो तेव्हा चांगला भाव होऊन गेला होता. या गाडीत गॅससोबत पाच लिटर पेट्रोल राखीव असतं, ते त्या दिवशी मी वापरायला हवं होतं. तेव्हापासून पालेभाजीच्या खेपेला गॅस आदल्या संध्याकाळीच भरून ठेवतो.

तरीही शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला मी सीएनजीच सांगतो. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ आलं, म्हणजे गाडीच्या धुराचे कडक नियम. तेव्हापासून डिझेलला काजळी अडवणारी गाळणी आली, डीपीएफ म्हणतात ती. ती साफ व्हायला इंजिन चांगलं तापून सलग पळावं लागतं. दोन किलोमीटर जा, थांब, पुन्हा दोन किलोमीटर, असं केलं की काजळी साचते आणि समोर इशाऱ्याचा दिवा लागतो. दिवा बघूनही तसंच चालवणाऱ्यांनी गॅरेजात मोठी बिलं भरलेली मी पाहिली आहेत. पाण्याचे जार, बेकरी, किराणा पोचवणाऱ्याने डिझेलच्या वाटेला जाऊच नये. फक्त सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी. दोनशे बारचा दाब पाठीमागे घेऊन आपण फिरतो, तिथं हयगय नको.

मागच्या महिन्यात ओतूरचा एक पोरगा आला होता. त्याला मी महिनाभराच्या भाड्यांची वही आणायला लावली. वीसातल्या सोळा खेपा पुण्याला, फुलं आणि पालेभाजी, एकही सहाशे किलोच्या वर नाही. डिझेल पिकअपचं बुकिंग करून बसला होता. रद्द कर म्हटलं, आणि सही करण्याआधी चार दिवस पहाटे जाऊन तुझ्या वाटेवरच्या पंपाची रांग मोज. काल त्याचा फोन आला, दोन दिवस मोजून झाले आहेत.